अंगावर

४ फेब्रुवारी
दिवसभर फोन. प्रसूतीनंतर दवाखान्यातून घरी गेलेल्या बायकांची विचारपूस करायची, हे माझं काम. ताप आहे? डोकं दुखतंय? रक्त जास्त जातंय? सगळ्यांचं एकच — 'ठीक आहे, ताई.' ठीक कसलं डोंबलाचं! अर्ध्याजणी दुखणं अंगावर काढतात, मला का कळत नाही?

एकटीच काय ती मनमोकळं बोलते. नवरा जहाजावर, घरात ती आणि बाळ. बाळ उठेल म्हणून कुजबुजते. मी तिचं नावच कुजबुजी ठेवलंय. म्हणाली, 'अजून अंगावर पीतच नाही हो, चमच्यानं पाजते.' मग इकडचं तिकडचं. फोन ठेवावासाच वाटेना.

५ फेब्रुवारी
सुट्टी. दिवसभरात तोंड उघडलं ते जांभईला.

६ फेब्रुवारी
कुजबुजीचा आवाज आज अगदीच खोल. वर लाइनला खरखर. 'ताई, अंगावर फार पितंय.' शाब्बास! म्हटलं, 'पिऊ दे गं, खुशाल पिऊ दे!' ती 'बरं,' म्हणाली. बाकीचं विचारलंच नाही मी, इतका आनंद झाला.

संध्याकाळी —
भाजी चिरता चिरता हात थांबला. आनंदाची बातमी अशा आवाजात कोण सांगतं? पितंय नव्हे — जातंय म्हणाली असेल तर? अंगावरून जातंय! फोन लावतेय, उचलत नाही. अॅम्ब्युलन्स पाठवली. मीही निघते.

७ फेब्रुवारी
शेजाऱ्यांनी दार तोडलं. गादी रक्तानं भिजलेली, ती पांढरीफटक, बाळ रडून रडून दमलेलं. वारेचा तुकडा आत राहिला होता, म्हणून रक्त थांबेना. पिशव्यांवर पिशव्या चढवल्या. वाचली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तुमच्यामुळे वाचली.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी
आज बोलली. 'तुम्हीच म्हणालात ना — जाऊ दे, खुशाल जाऊ दे. मला वाटलं, एवढं जातच असेल. मग कशाला कुणाला सांगू?'

सगळं खरं सांगून टाकलं — तिचं 'जातंय' मी 'पितंय' ऐकलं, माझं 'पिऊ दे' तिला 'जाऊ दे' ऐकू आलं. नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा विचारायला माझी जीभ झिजली असती का? ती बाळाकडे बघत राहिली.

१० फेब्रुवारी
कुजबुजीनं नर्सकडून निरोप पाठवला. घरी गेल्यावर फोन दुसऱ्या ताईंनी करावा.