सरांच्या हातचे दालचिनी रोल

अहो,

मी आईकडे जानेफळले चालली. काल बाजारात तुमच्या शाळेतल्या मोठ्या मॅडम भेटल्या. म्हणे, "नशीब काढलं बाई तुम्ही! सर दर रविवारी स्वतः दालचिनीचे रोल करून खाऊ घालतात." मी हसून हो म्हटलं. अन् साऱ्या स्टाफले आज नऊ वाजता नाश्त्याले बोलावलं.

मैदा, यीस्ट, गूळ, दालचिनी ओट्यावर हाय. पोळपाट फ्रिजच्या मांगं असते. भिजवलेला मैदा फुगाले दोन घंटे लागतेत, हे तुमाले माहीतच असन. मले फोन करू नका, बंद हाय.

मॅडम म्हणाल्या, "आम्ही जरा लवकरच येऊ, सर लाटतात कसे ते पाहायचंय."

समता