गंधर्वनगरातली समुद्राकडची खोली

नगर, ४ नोव्हेंबर १९४६
नाना शिरस्तेदार पेन्शनीत आल्यापासून लंकेला निघालेत. वाचनालयात रोज एकच वाद, उतरायचं कुठे. कोलंबोच्या साहेबी हॉटेलात काटेचमचे, चेट्टींच्या धर्मशाळेत ढेकूण, रेल्वेच्या विश्रामगृहातून समुद्र दिसत नाही. मी म्हटलं, मारुती मुक्कामाची चौकशी न करताच गेला होता. सगळे हसले. नाना सोडून. "मास्तर, तुमच्या त्या मेलेल्या संस्कृतात मुक्कामाचा पत्ता तरी लिहिता येतो का?" मग सगळे जास्त हसले.
येतो.

७ नोव्हें.
भाचा कोलंबोत पलटणीकडे कारकून. त्याला एका अतिथिगृहाच्या जाहिरातपत्राचा मजकूर धाडला. त्यानं इंग्रजीत उतरवून तिथूनच नानांना टाकायचा. वाळूला लागून बंगला, भोवती नारळी, ब्राह्मणी स्वयंपाक. नाव 'गंधर्वनगर'. पोथ्यांतलं, ढगांत दिसणारं आणि मुळात नसलेलं शहर. मालकाचं नाव शशशृंग, म्हणजे सशाचं शिंग, ठेवणार होतो. मोह आवरला.

२० नोव्हें.
पत्र आलं. नाना नावावर खूष. "मालक नाटकवेडा दिसतो." हॉटेल रद्द, धर्मशाळा रद्द. पत्र मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. उच्चार स्पष्ट केले.

२३ नोव्हें.
तिकिटं निघाली. दोन. यमूवहिनींनाही नेताहेत, "हिला गोदावरीपलीकडे पाणी असतं हेच ठाऊक नाही" असं चारचौघांत सांगून. वहिनी माझ्या कटात नव्हत्या. दुपारी खरं सांगायला गेलो. नाना बाहेर. वहिनी गहू निवडत होत्या. मान वर न करता,
"मास्तर, गंधर्वनगर म्हणजे काय ते मला कळतं. पुणतांब्याला आमचे बाबा वेदान्त सांगायचे. मी दाराआड बसायची."
मी क्षमा मागायला तोंड उघडलं.
"यांना सांगू नका. तीस वर्षं माझी फजिती करताहेत. एकदा त्यांची बघू दे. परमुलखात, रस्त्यावर वळकटी ठेवून."
चहा दिला. रेशनची साखर, तरी दोन चमचे. म्हणाल्या, आणखी एक पत्र येऊ द्या, समुद्राकडची खोली पक्की म्हणून. नाहीतर हे आयत्या वेळी धर्मशाळेला लिहितील.

२४ नोव्हें.
लिहिलं. इतकं प्रासादिक गद्य हातून पूर्वी उतरलं नव्हतं.

१० डिसें.
स्टेशनवर पोचवायला गेलो. दौंडला मद्रासची गाडी मिळेल. नानांनी दुसरं पत्र कोटाच्या खिशात, छातीशी ठेवलेलं. मला विचारलं, खोलीत सकाळचं ऊन येईल का? म्हटलं, ऊन नाही, वारा भरपूर. गाडी हलली तशी वहिनी नानांकडे बघून हसल्या. नाना सुखावलेले दिसले.
परतताना टांगेवाला, "आन् तुमी न्हाई गेलात व्हय त्यांच्यासंगं?"
तारेचा फॉर्म आणलाय. भाच्याला एवढंच: दोघांना उतरवून घे. तारघर पाचला बंद होतं. आत्ता साडेचार. वहिनींना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.
प्रवास चार दिवसांचा. तार उद्याही चालेल.