अपूला मोबाईल कुणी दिला

३ जून
शिरूरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. अपू तीन वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. कान तपासले — चांगले आहेत. मग डॉक्टरांनी विचारलं, मोबाईल किती वेळ बघते? सत्यजीत माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "आम्ही दोघंही कंपनीत असतो. घरी सासूबाई देतात."
आत्याबाई — माझ्या सासूबाई — शेजारीच उभ्या होत्या. मान खाली घातली.

३ जून, परत
इथं तरी खरं लिहावं. अपू सात महिन्यांची होती. मी रात्रपाळी करून यायची, डोळे उघडत नसायचे. उशीला मोबाईल टेकवून तिला गाणी लावून द्यायची आणि झोपायची. गप पडून राहायची पोर. आत्याबाई त्यानंतर वर्षानं गावाकडनं, राहूहून आल्या. त्यांना मोबाईल उघडता पण येत नव्हता. मीच शिकवलं.

५ जून
परवापासून मोबाईल बंद केलाय. अपूनं भिंतीवर डोकं आपटलं. गाण्याशिवाय तोंडच उघडत नाही — दोन दिवस नुसती दुधावर आहे. आत्याबाईंच्या मनगटाला कडकडून चावली. त्या हळद लावून परत घास घेऊन बसल्या.

८ जून
सत्यजीत आज आत्याबाईंना बोलला. "आये, पोरीचं वाटोळं केलंस तू."
मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

९ जून
आत्याबाई अपूला घेऊन राहूला गेल्या. म्हणाल्या, तिकडं शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, पोर रमंल. मला रजा नाही. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "झोप घेत जा गं, सीमा. डोळे बघ कसे झालेत."
माझ्यानं वर बघवलं नाही.

१७ जून
खोली खायला उठते.

२६ जून
सुट्टी होती. राहूला जाऊन आले. अपू अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तोंडावर तेज आलंय, आपल्या हातानं जेवते म्हणे. मला बघून पळत आली! मी हात पसरले. तिनं माझी पर्स ओढली, सगळी उपसली, मोबाईल शोधला. दिला नाही तशी किंचाळत आत्याबाईंच्या पदराआड गेली. निघेपर्यंत माझ्याजवळ आली नाही.
सत्यजीतला खरं सांगते, असं आत्याबाईंना म्हणणार होते. म्हणाले नाही.

२० जुलै
अपू बोलली. आत्याबाईंचा फोन आला होता. सकाळी अपूनं दारातून हाक मारली — "आई, पाणी." त्यांना!
आत्याबाई रडत होत्या. "म्या न्हाई गं शिकवलं तिला. म्या आज्जीच म्हणायचे."
सत्यजीत समोरच बसला होता. फोन न ठेवताच त्याला सांगितलं — मोबाईल मी दिला होता. आईंनी नाही.