रुग्णवाहिका तलावाकाठी पाठवणाऱ्या सर्व्हरबाबत

प्रति,
मा. श्री. ड्वेन क्विस्टड,
प्रशासक, टॅमरॅक काउंटी,
बर्च फॉल्स, मिनेसोटा.

विषय: आणीबाणी कक्षाचा सर्व्हर वारंवार कोसळण्याचे कारण आणि त्याबाबत मी परस्पर केलेली कारवाई.

संदर्भ: आपला तोंडी आदेश, "बंद कर आणि परत चालू कर."

महोदय,

मी खाली सही करणारी, काउंटीच्या संगणक विभागाची प्रमुख असून विभागात अन्य कोणीही नाही. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन आला की घराचा पत्ता दाखवणारा सर्व्हर थंडी सुरू झाल्यापासून सतत कोसळत आहे. प्रत्येक वेळी त्याची फाइल सिस्टीम खराब झालेली आढळते. दुरुस्ती चालवली की तुटक्या फायलींचे तुकडे नावगाव हरवलेल्या अवस्थेत एका फोल्डरमध्ये जमा होतात. त्यात कोणाचे घर आहे आणि कोणाचा गोठा, हे सांगता येत नाही. मग आपल्या आदेशानुसार सर्व्हर परत चालू केला जातो, आणि तो उरलेल्या फायलींकडे वळतो.

याबाबत मी काउंटी मंडळाच्या बैठकीत "फाइल सिस्टीम करप्ट झाली आहे" असे निवेदन केले. अध्यक्ष श्री. ऑरिन बेक्टोल्ड यांनी केवळ "करप्ट" एवढाच शब्द ऐकला व तत्काळ चौकशी लावली. दुसऱ्या दिवशी शेरीफचे डेप्युटी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ॲर्डिस, खरं सांग, कोणी किती खाल्लं?" मी त्यांना डिस्क दाखवली. त्यांनी ती पुरावा म्हणून जप्त केली. सदर डिस्क निर्दोष होती, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

नवी डिस्क बसवली, तीही खराब झाली. मेमरी तपासली, ती ठीक निघाली. केबल बदलल्या, फरक पडला नाही. शेवटी एकच फाइल पुन:पुन्हा लिहून वाचून पाहिली असता, लिहिले एक आणि वाचले भलतेच, असे दिसून आले. दोष डिस्कवर मजकूर लिहिणाऱ्या नियंत्रक कार्डाचा आहे. त्याची बॅटरी फुगून पावासारखी झाली आहे. नव्या कार्डाची माझी मागणी आपण मंजूर केली होती; परंतु ती मंजुरी याच सर्व्हरवर ठेवलेली असल्याने आता सापडत नाही. सबब हा अर्ज हाताने लिहीत आहे.

गेल्या मंगळवारी हेरॉन रोडवरील श्रीमती इल्झा वॉर्नॉक यांच्या छातीत कळ आली. आणीबाणी कक्षात फोन घेणाऱ्या लोर्ना पेल्की यांनी पडद्यावरचा पत्ता रुग्णवाहिकेस दिला. थोड्याच वेळात चालक कर्टिस माकी यांचा रेडिओवर आवाज आला, "अगं लोर्ना, इथं नुसता गोठलेला तलाव आहे! बाई काय बर्फात मासे धरायला बसल्यात?"

"स्क्रीनवर हेच घर आहे रे!"

"घर नाही गं, होड्या उतरवायचा धक्का आहे हा!"

श्रीमती वॉर्नॉक यांना शेजाऱ्याने पिकअपमध्ये घालून रुग्णालयात नेले. त्या वाचल्या. मी भेटायला गेले असता त्यांनी माझा हात धरून विचारले, "बाळ, मी इतकी वर्षं त्याच घरात राहते. तुमच्याकडे माझं घरच नाही का?" आपला आदेश मात्र त्याच दुपारी पुन्हा आला, तोच. मी सर्व्हर बंद केला, परत चालू केला नाही.

त्याऐवजी, बिघाडापूर्वीची पत्त्यांची एक चांगली प्रत मी वाचनालयाच्या संगणकावर चढवली. आणीबाणी कक्ष सध्या तेथून, बालविभागाशेजारून चालतो. लोर्ना यांना हळू बोलण्याची ताकीद मिळाली आहे, पण रुग्णवाहिका घरी पोहोचतात. श्री. बेक्टोल्ड मला म्हणाले, "हे बेकायदेशीर आहे." मला मान्य आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. फक्त नवे कार्ड येईपर्यंत जुना सर्व्हर कोणीही चालू करू नये, ही कळकळीची विनंती. विनंती नाकारली जाण्याचा पूर्वानुभव असल्याने आवश्यक ती खबरदारी घेतली आहे.

आपली आज्ञाधारक (गेल्या मंगळवारपर्यंत),
ॲर्डिस टॉलफसन
दि. ११ फेब्रुवारी

सोबत: सदर नियंत्रक कार्ड, सर्व्हरमधून काढलेले. मूळ प्रत. झेरॉक्स निघत नाही.