डब्याचं दार उघडलं, तिथून पुढे

प्रिय बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना सुरुवातीला 'साष्टांग नमस्कार' घालायचा असतो, हे मी दरवर्षी शाळेत मुलींना फळ्यावर लिहून देते. पण तुम्हाला लिहायला बसले आणि हात थांबला. मी पाया पडले की तुम्ही म्हणायचात, "बस कर वं, आधी सिनेमा सांग!" म्हणून आधी सिनेमाच सांगते.

काल, शुक्रवारी, तो स्टेशनमास्तरचा सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिला. परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि नेमका तोच सिनेमा खामगावात पुन्हा लागला. जाण्याआधी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं. उशीर झाला आहे, ते मला कळतं. पण मग हे उत्तर मी दुसऱ्या कोणाला देऊ?

आठवतो का तुम्हाला आपला ओटा? शनिवारची सकाळ झाली की कापसाच्या जीनमधले सोबती, लिंबाजी शिंपी, शेजारची जनाकाकू, सगळे तिथे जमायचे. आदल्या दिवशी जीनमधून सुटून, अंगावरचा कापूसही न झटकता तुम्ही नव्या सिनेमाचा पहिला खेळ पाहून आलेले असायचात. चहाची बशी खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "पाह्यला. आता इचारा." मग गोष्ट सुरू व्हायची, ती बरोबर मध्यंतरापर्यंत. त्याच्या पुढचं एक अक्षर तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. लिंबाजी हातापाया पडायचा, "बाप्पा, ते पोरगी मरते का जगते एवढं तरी सांगा ना!" तुम्ही म्हणायचात, "ज्यानं पिच्चर काढला, त्याचं पोट त्या अर्ध्यावर हाये. जा, पाहून ये."

आणि निकाल तरी किती सरळ! "जा." किंवा "बायकायले घेऊन जा." नाही तर "घरी बसा, ज्वारी निवडा." तुम्ही ज्वारी निवडायला सांगितलीत की त्या आठवड्यात आपल्या गल्लीतून कोणी टॉकीजकडे फिरकायचं नाही. पिंपळगावकडून बाजाराला येणारी माणसंसुद्धा आधी ओट्यावर डोकावून जायची.

त्याच निकालाने आपलं घर फोडलं, बाबा. हे मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही, आज बोलते.

नवं राज्य झालं त्याच वर्षी दादाला टॉकीजवाल्याने कामावर घेतलं होतं. टांग्यात भोंगा घेऊन गावभर ओरडायचं, "आजच पाहा, सहकुटुंब पाहा!" किती खूश होता तो! आरशासमोर उभा राहून आवाज काढून बघायचा. मग तो घोड्यांचा सिनेमा आला. दादा दिवसभर घसा कोरडा करून गावात ओरडला आणि शनिवारी सकाळी तुम्ही ओट्यावर म्हणालात, "घोडे चांगले हायेत. माणसं नाहीत. ज्वारी निवडा." सगळे हसले, मीही हसले. टॉकीज ओस पडली आणि मालकाने दादाला हिशोब करून घरी पाठवलं. ज्याचा बाप लोकांना येऊ देत नाही त्याचा भोंगा कशाला ठेवायचा, असं तो म्हणाला.

दादा दारातच उभा राहिला होता. "बाबा, पोराच्या पोटावर पाय देल्ला तुमी."

"मंग का खोटं बोलू? लोक माह्या भरोश्यावर चार आणे खर्चतेत."

"मी बी तुमच्याच भरोश्यावर होतो ना!"

तुम्ही बशीतला चहा ओठाला लावलात आणि तो तसाच खाली ठेवलात. दादा संध्याकाळच्या गाडीने जलंबला गेला आणि तिथून भुसावळला. तिथे टॉकीजचे बोर्ड रंगवतो, एवढंच पुढे कानावर आलं. आई नव्हती. असती तर तिने तुम्हा दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं.

मग खोकला आला. इतकी वर्षं जीनमध्ये जो कापूस छातीत भरला होता, तो एकदम जाब विचारायला लागला. डॉक्टरांनी खामगावातच छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्हाला मी काही सांगितलं नाही, तुम्ही विचारलंही नाहीत. पण ज्या दिवशी खेळ चालू असताना तुमची उबळ थांबेना आणि मागून कोणी तरी ओरडलं, "ओ बुवा, मरायचं असन तं बाहेर जाऊन मरा!" त्या दिवशी तुम्ही उठून घरी आलात आणि पुन्हा टॉकीजला गेला नाहीत. माणसाला एवढं कोणी बोलतं का हो? आणि त्या माणसाला कोणाच्या सांगण्यावरून तिकीट काढायची सवय लागली होती, हे त्याला आठवलं नसेल का?

तेव्हापासून शुक्रवारी शाळा सुटली की मी जायची, जनाकाकूच्या सोबतीने, कापडाच्या आडोशापलीकडे बायकांच्या बाकांवर. घरी येऊन तुम्हाला सांगायची मध्यंतरापर्यंत, तुमच्याच नियमाने. शनिवारी तुम्ही तेच ओट्यावर सांगायचात आणि निकाल द्यायचात. लोकांना वाटायचं, तुम्हीच पाहिलाय. तुमचा तो थाट मला आवडायचा, खरं सांगते.

मधल्या काळात मी दोनदा म्हटलं, दादाला पत्र टाकू का? दोन्ही वेळा तुम्ही मान फिरवलीत. "त्याले यायचं असन तं तो त्याच्या पायानं येईन." का हो बाबा, एवढा ताठा कशासाठी? सिनेमातल्या बापाने असं केलं असतं तर तुम्ही ओट्यावर बसून त्याची सालं काढली असती. मीही तुमचं ऐकलं, कारण तुमचं न ऐकण्याची सवय मला नव्हती.

आणि मग तो शुक्रवार. मध्यंतराचे दिवे लागले तशी जनाकाकूची सून धापा टाकत आत आली. "सुमीताई, चला लवकर. बाबाले लय उबळ आलीये." मी धावत आले. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, धोतराच्या सोग्यावर लाल डाग होते. श्वास जरा बसला तसे मलाच रागावलात.

"काऊन आली वं अर्ध्यातून?"

"तुमाले बरं नव्हतं म्हणून."

"मले कवा बरं होतं? सांग, कुठलोक पाह्यलं?"

मी सांगायला लागले. आडरानातल्या एका स्टेशनावरचा स्टेशनमास्तर. त्याचा एकुलता एक पोरगा भांडून घरातून गेलेला. मास्तर रोज प्रत्येक गाडीच्या प्रत्येक डब्यात वाकून बघतो. एक दिवस पोराचं कार्ड येतं, येतो म्हणून. मास्तर कोट धुतो, दाढी करतो, फलाटावर उभा राहतो. गाडी येते. डब्याचं दार उघडतं. आणि पडद्यावर मध्यंतर!

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी कोणाला काय सांगते आहे ते. पण थांबता येईना.

तुम्ही माझा हात धरलात. आणि जन्मात कधी कोणाला न विचारलेलं तुम्ही मला विचारलंत, "पोरगा उतरला का वं?"

त्या प्रश्नाने मला कळलं, बाबा. ज्याने आयुष्यभर कोणाला शेवट सांगू दिला नाही, तो स्वतः शेवट मागतो आहे, म्हणजे पुढच्या शुक्रवारचा त्याला भरवसा उरलेला नाही. "मले नाही माहीत, बाबा. मी मध्यंतरालेच निंघाली ना. उद्या जाते अन् पाहून येते."

तुम्ही डोळे मिटलेत. मग अगदी ओट्यावर निकाल द्यायचात त्याच आवाजात म्हणालात, "नाही उतरला. मध्यंतरालेच पोरगा आला तं पुढं काय दाखोतीन? अर्धा पिच्चर बाकी राह्यते. डबा खालीच असन, रिकामा." आणि भिंतीकडे तोंड करून निजलात. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

सकाळी ओट्यावर नेहमीची माणसं जमली होती. लिंबाजीने बाहेरून हाक दिली, "काय म्हन्ता बाप्पा, जावं का?" मी दारात आले. दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. निकाल ऐकायला आलेली माणसं मग बांबू आणायला गेली. दादाला तार केली, पण ती त्याला मिळाली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून लोक थांबले नाहीत. अग्नी चुलतभावाने दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेले. कोणी मला सांगितलं नव्हतं, मीच गेले. जलंबची गाडी आली. डब्याचं दार उघडलं आणि दादा उतरला. बोटांना रंग तसाच होता. त्याने माझं सुतकातलं बिनकुंकवाचं कपाळ पाहिलं, पाय पाहिले, अनवाणी होते, आणि पिशवी खाली ठेवून फलाटावरच बसला. मग म्हणाला, "काही बोलले का माह्याबद्दल?"

मी म्हटलं, "सिनेमाचं बोलत होते." यापुढचं मी त्याला वर्षभर सांगितलं नाही. कसं सांगणार होते?

दादा वर्षश्राद्धाला आला होता; काल तीनच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. तो पुढे जमिनीवर, मी बायकांच्या बाकांवर. गाडी आली, दार उघडलं, दिवे लागले. बाबा, मध्यंतरभर मी दाराकडे बघत बसले होते. मला बोलवायला कोणी आलं नाही. आता कोण येणार?

आणि मग पुन्हा अंधार झाला, आणि पोरगा उतरला!

होय बाबा, उतरला. लगेच, मध्यंतरानंतरच्या पहिल्याच दृश्यात. दाढी वाढलेली, गालाला खोक, अंगावर चिंध्या. मास्तर त्याच्या हातातून तिकीट घेतो आणि त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या डब्यात बघत राहतो. पोरगा थांबतो, बाप आपल्याला ओळखेल म्हणून. मग मान खाली घालून फाटकाबाहेर जातो. पुढचा सगळा सिनेमा तोच आहे. पोरगा गावातच हमाली करतो, रोज स्टेशनवर येतो, रोज तोंड उघडतो आणि परत मिटतो. शेवटी मास्तर अंथरुणाला खिळतो. पोरगा त्याला पाणी पाजायला वाकतो, तेव्हा मास्तर म्हणतो, त्या दिवशी तिकीट घेतानाच ओळखलं होतं रे, तू हाक मारशील म्हणून थांबलो. पोरगा "बाबा" म्हणतो. पण तोवर मास्तर गेलेला असतो.

तुम्ही इतके सिनेमे पाहिलेत, तुमचा अंदाज कधी चुकला नाही. चुकला तो हा एकच, आणि तोच खरा धरून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला एक रात्र आणखी मिळाली असती तर! मला याचा राग येतो, बाबा. कोणावर काढू ते कळत नाही.

बाहेर आल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. तुमचा प्रश्नही, तुमचा निकालही. तो सायकलींच्या रांगेत उभा राहून लहान पोरासारखा रडला. येणारे-जाणारे बघत होते, त्यांना वाटलं असेल सिनेमा फार चांगला आहे.

आज सकाळी तो ओट्यावर जाऊन बसला. वर्षभरात तिथे कोणी बसलं नव्हतं. लिंबाजी कापडाचा गठ्ठा घेऊन चालला होता, तो थबकला. जनाकाकू आली. दादाने गोष्ट सांगितली, भोंग्याच्या आवाजात नाही, तुमच्यासारखी, हळू. गाडी आली, डब्याचं दार उघडलं. तिथे तो थांबला.

"मंग? पोरगा उतरला का?" लिंबाजीने विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "जा," तो म्हणाला. "बायकायले घेऊन जा."

दुपारच्या गाडीने तो भुसावळला परत गेला. मी राहा म्हटलं नाही आणि तो राहतो म्हणाला नाही. आता घरात मी आहे आणि बाहेर ओटा आहे. संध्याकाळ झाली की मला तुमचा खोकला ऐकू आल्यासारखं होतं आणि मी पाणी घेऊन उठते. रोज उठते.

तुम्हाला शब्द देते, बाबा. दादाला मी दर महिन्याला पत्र टाकीन, तुम्ही नको म्हणालात तरी. तो येईल त्या प्रत्येक वेळी मी स्टेशनवर जाईन आणि तो उतरला की आधी मीच हाक मारीन. आणि या सिनेमाचा शेवट गावात कोणाला सांगणार नाही. तुमचा नियम मोडला, तो फक्त तुमच्यासाठी.

पोरगा उतरला होता, बाबा. तोंड इकडे करा आता.

तुमची,
सुमी