मिक्सरवरचे अभिप्राय

ताई,

माझ्या कादंबरीच्या संपादकबाई आज संध्याकाळी घरी येतायत. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुढच्या कादंबरीचं विचारतील. तर म्हणाल्या, "ऑनलाइन घेतलेल्या मिक्सरवर, इस्त्रीवर अभिप्राय लिहितात त्या तुमच्याच ताई ना? त्यांचं पुस्तक करायचंय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रक्त आटवून लिहिलेल्या माझ्या कादंबरीवर दोनच अभिप्राय आलेत, त्यातला एक पार्सल फाटलेलं होतं म्हणून. आणि तू कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जे खरडतेस, ते लोक एकमेकांना वाचून दाखवतात! खुसपट काढायला म्हणून तुझं सगळं वाचलं. बिघडलेल्या इस्त्रीवरचं वाचून एकटीच खदाखदा हसले आणि मग आणखीच चिडले.

बाहेरची खोली आवरलीय, चांगले कप काढून ठेवलेत. मी मैत्रिणीकडे जातेय. शेजारी बसून गोड हसणं मला आज जमायचं नाही. "मी कसली लेखिका" असं म्हणत बसू नकोस, सरळ हो म्हण. आणि त्यांच्यासमोर माझं कौतुक मुळीच करू नकोस. तेवढं मात्र मला सहन व्हायचं नाही.

धाकटी