काजळाचे दोन अंगठे

आये, आज सकाळी तुझ्या जावयांनी देव्हाऱ्यामागचा पत्र्याचा डबा पुन्हा काढला. शेजारची दोन पोरं पायरीवर बसवली आणि त्यांना आमच्या लग्नातला पत्ता दाखवला. एका बाजूला इस्पिकचा राजा, त्यावर ह्यांचा काजळाचा अंगठा. उलटा केला की बदामची राणी, तिच्यावर माझा. पत्त्याला पाठ नाहीच. "माझ्या सासूनं केला हा," हे सांगत होते, "उंबऱ्यावर बसून. हात पन न लावता." मी आत गवार मोडत होते, मान वर केली नाही. पण मग तुझ्याशी बोलावंसं वाटत राहिलं, म्हणून दुपारी लिहायला बसले.

हा खेळ मुळात बाचा. खर्डीला रेल्वेच्या लायनीवर कामाला असताना तिथल्या कुणा परमुलखातल्या गड्याकडून तो शिकून आला होता. बाच्या हातून पत्ते सारखे पडायचे. मला आठवतं, तू चुलीपुढे भाकरी थापतेयस, तिरक्या नजरेने त्याची धडपड बघतेयस, आणि शेवटी म्हणतेस, "आना इकडं." पिठाच्या हातांनी तू तो खेळ करून दाखवलास. बा हसला आणि पत्ते तुझ्याकडेच राहिले. त्यानंतर आपल्या आटगावच्या आसपास लग्न असलं की तुला बोलावणं यायचं. हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायचा खेळ झाला, नवरा जिंकला की नवरी जिंकली यावरून दोन्हीकडच्या बायका भांडून दमल्या, की तू पुढे व्हायचीस. "झालं का भांडून? आता दोघंबी जिंका." नवऱ्याने राजावर अंगठा उठवायचा, नवरीने राणीवर. दोन्ही पत्ते तिच्या तळहातावर, वर त्याचा हात. हात उचलला की एकच पत्ता, आणि तो त्यांनी घरी न्यायचा. आधी तू हळदीचे अंगठे घ्यायचीस, ते वर्षभरात उडून जायचे. तेलातलं काजळ पसरायचं. मग तू काजळी डिंकाच्या पाण्यात कालवायला लागलीस. आमच्या पत्त्यावर बोटाच्या रेषा अजून मोजता येतात.

बा तापाने गेला आणि तुझं कपाळ पांढरं झालं. तुला कोणी वाईट बोललं नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं. ज्या मांडवात तुझ्यावाचून अडायचं, तिथे तुझी सावली नको झाली. तू पत्ते चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलेस आणि त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलंस.

माझं जमलं टोकावड्याकडे. ती मुरबाडकडची माणसं शेतीभातीने बरी होती, मुलगा शांत होता. मी तुला म्हटलं, मला पत्ता पाहिजे. तू म्हणालीस, "तुजा संसार हाय. माजा हात लागला नि उद्या काय वाईट झालं तं त्या लोकांनी कुनाचं नाव घ्यावं?" मी रागाने म्हटलं, "मंग हात लावू नको." तू चुलीवरचं ढवळायची थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या हातांकडे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेपासूनची माझी पाटी तू बाजूला सारलीस, तिथे भाताची खळ करून ठेवलीस, आणि म्हणालीस, "बांगड्या घाल."

चुड्याची अडचण तुझ्याच आधी ध्यानात आली होती. हातभर काचेच्या बांगड्या, मनगट जरा वळलं की वाजणार. स्वयंपाकघरात बसून तू मला शिकवलंस. "घाई करू नको. चोराला घाई असते, नवरीला नाय." बांगड्या वाजू द्यायच्या, पण वाजायला कारण द्यायचं. "पदर सावर. नवरीनं पदर सावरला तं कोन बगतं?" त्या पदराआड काय करायचं ते इथेही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. एवढं मात्र म्हणते, माझे हात तुझ्याहून चांगले निघाले. तूही तसं म्हणाली होतीस, एकदाच, तेही तोंड फिरवून.

लग्न आपल्याच दारात लागलं. अंगठीचा खेळ झाला, मी पत्ते मांडीवर घेतले, आणि ह्यांची आत्या उठली. तिचा आवाज दोन शेतं ओलांडून जाणारा. "हे काय? नवरीनं हुंड्यात जुगार आनला का?" सगळे हसले. माझ्या काकीने सांगितलं, नवरीच्या आईचा खेळ आहे. आत्या हसायची थांबली. "तिनं आत बसावं. आज तरी." मला वाटलं, तू उठून जाशील. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसली होतीस. तिथूनच म्हणालीस, "आतच हाय मी, विहीनबाय. पाय आत, हात आत. तोंड तेवढं भायेर हाय. चालंल का?" बायका पदरात हसल्या. आत्याला नाही म्हणायला जागा राहिली नाही.

"पोरा, राजावर अंगठा ठेव. दाबू नको रे, तांदूळ नाय भरडायचा." हे लाजले. "पोरी, आता तू." मी अंगठा उठवला. बांगड्या वाजल्या. मी पदर सावरला. सगळा मांडव उंबऱ्याकडे बघत होता, विधवा बाई उठते की काय, हात पुढे करते की काय. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. "हातावर हात ठेवा. आता उघडा."

आत्याने पत्ता माझ्या हातातून ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, कड नखाने खरवडली. "याची पाठ कुठं गेली गो?"

"पाठीला पाठ लागली, विहीनबाय."

"पुन्यांदा कर बगू."

"पुन्यांदा लगीन लावा, मंग करते."

सगळ्यात मोठ्याने आत्याच हसली. मग ती उंबऱ्यापाशी गेली, तुला म्हणाली, "सरक जरा," आणि तुझ्या शेजारी टेकली. जेवायला उठेपर्यंत तिथेच बसली होती.

पुढच्या लग्नसराईत तिनेच तुला आणायला टोकावड्याहून बैलगाडी पाठवली. तू एवढंच म्हणालीस, आधी नवरीचे केस विंचरायला मला तिच्यापाशी बसू द्या. मग सगळीकडे तीच रीत पडली. केस विंचरायचे, दार लोटायचं, बांगड्या घालून हात बसवायचा, आणि सुपारी हातात देऊन कुणाला न सांगायची शपथ घालायची. शहापूर ते मुरबाड कितीतरी घरांत तो पत्ता आहे. त्या प्रत्येक घरात बायकोला माहीत आहे आणि नवऱ्याला माहीत नाही. बाजारात त्यातली कोणी भेटली की ती आधी माझ्या हाताकडे बघते, मी तिच्या. तू गेल्यावर नवऱ्यांना मीच शिकवत आले, म्हणजे नवऱ्या मुलींना. मी सवाष्ण आहे, मला मांडवात कुठेही बसता येतं. मी उंबऱ्यावरच बसते.

हे घरात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाहीत, हळदीच्या पुडीचासुद्धा. म्हणून संध्याकाळी चूल पेटवताना आधी हाच कागद आत घालीन.

एक कबूल करते. आज गवार मोडताना मनात आलं, आयुष्यात एकदा तरी ह्यांनी माझ्या हातांकडे बघावं. तेवढ्यात ह्यांनी बाहेरून विचारलं, "काय गो, असंच झालं ना?" मी "हो" म्हटलं, आणि पदर सावरला.